आधी झुडूप निवडा, मग कॅमेरा काढा: विदर्भाच्या शिवारात फुलं, कीटक आणि वन्यजीव टिपण्याचा क्रम

फुलपाखरू दिसलं की त्याच्या मागे धावायचं, धापा टाकत दहा-पंधरा क्लिक मारायचे आणि घरी येऊन पाहायचं तर पंखाचा एक कोपरा, हललेलं पान आणि मागे पांढरंफट्ट आभाळ. असे फोटो येतात तेव्हा दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, क्रमाचा असतो. आधी किडा दिसतो, मग कॅमेरा निघतो, मग सेटिंगची आठवण होते, आणि उजेड कुठून येतोय हे घरी कळतं.

खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलट आहे. आधी फुललेलं झुडूप, मग उजेड आणि मागची बाजू, मग सेटिंग. कीटक सगळ्यात शेवटी. हातात साधा मोबाईल असला तरी हाच क्रम चालतो. फरक पडेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

## टप्पा १: झुडूप निवडा

गावाबाहेर पडल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या. धुऱ्याने, पांदणीने, नाल्याच्या काठाने फिरा आणि काय फुललंय आणि त्यावर वर्दळ किती आहे, एवढंच पाहा. एखाद्या झुडपापाशी पाच मिनिटं उभं राहिलात आणि तीन-चार वेगवेगळे पाहुणे येऊन गेले, तर ते झुडूप कामाचं. सुंदर फुललेलं पण सुनसान झुडूप सोडून द्या. फक्त फुलांचा फोटो हवा असेल तर गोष्ट वेगळी.

हंगामाप्रमाणे जागा बदलते. रुई जवळजवळ वर्षभर फुललेली सापडते आणि शिकायला तिच्याइतकं सोयीचं झाड नाही. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, पानाखाली कोष लटकलेले असतात. अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू हे सगळं एकाच झुडपावर मिळू शकतं, आणि यातल्या तीन गोष्टी उडून जात नाहीत. नवशिक्याला याहून जास्त काय हवं?

पाऊस सरत आला की तरोट्याचे पिवळे ताटवे पाहा. त्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालायला येतात. त्याच सुमारास बोरीला बारीक हिरवट फुलं येतात. लांबून ती दिसतही नाहीत, पण माश्या, गांधीलमाश्या आणि भुंगेरे यांची तिथे जत्रा असते. पावसाळ्यात जंगलाच्या कडेची मुरुडशेंग लाल फुलते आणि तिच्यावर शिंजीर हा मध पिणारा छोटा पक्षी येतो. तिची जुनी फुलं निळसर राखाडी होतात, म्हणून फांदी निवडताना ताजी लाल फुलं किती उरलीत ते बघा. थंडी संपताना धायटी, मग पळस. उन्हाळ्याच्या तोंडावर कुड्याची पांढरी फुलं.

रायमुनियाबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. हे बाहेरून आलेलं झुडूप गावाशेजारच्या जंगलात फार पसरलंय, आणि जिथे बघावं तिथे त्याच्यावरच काढलेले फुलपाखरांचे फोटो. फुलपाखरं तिथे येतात हे खरं, सरावाला हरकत नाही. पण सगळा संग्रह रायमुनियाचा झाला तर तो विदर्भातला आहे की आणखी कुठला, हे सांगता येणार नाही.

आणखी दोन जागा सहसा कोणाला सुचत नाहीत. एक, खुळखुळ्याची सुकलेली किंवा किडलेली झाडं. ब्लू टायगर आणि क्रो या फुलपाखरांचे नर तिथे अक्षरशः लगडतात, कारण त्यांना लागणारी रसायनं त्या सुकलेल्या भागांत असतात. दुसरी, संत्र्याची बाग. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची. बागवानाला ती नकोच असते. तुम्ही नुसता फोटो काढायचं म्हणालात तर तो स्वतः झाडापर्यंत घेऊन जाईल.

तपासा: निवडलेल्या झुडपापाशी गुडघ्यावर बसता येतं का? काट्यांशिवाय तीन बाजूंनी फिरता येतं का? नसेल तर पुढचं झुडूप.

## टप्पा २: विचारा आणि धोके ओळखा

हा टप्पा गाळून पुढे जायचा मोह होतो, आणि पस्तावायची वेळही इथेच येते.

वावर कोणाचं ना कोणाचं असतंच. पिकात शिरण्याआधी मालकाला गाठा आणि दोन प्रश्न विचारा: "भाऊ, तारेत करंट हाय का? अन् फवारा कधी मारला?" रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांच्यामुळे शिवारात झटका मशीनच्या तारा सगळीकडे दिसतात. काही ठिकाणी तर थेट विजेच्या तारेतून चोरून करंट सोडलेला असतो. ते बेकायदा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकताना ही तार दिसत नाही. पहाटेच्या अंधारात तर नाहीच.

फवारणीचंही तसंच. कपाशीत ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचा जोर असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते याच दिवसांत. ताज्या फवारलेल्या पिकात गुडघे टेकून बसू नका आणि पानांना हात लावून तोच हात डोळ्याला लावू नका. तिथले कीटक सुस्त दिसतात आणि फोटोला सोपे वाटतात. ते सुस्त का आहेत ते ओळखा आणि धुऱ्यावर परत या.

गावाशेजारची जमीन पडीक दिसते म्हणून ती कोणाचीच नाही असं समजू नका. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वनजमिनीच ठरवल्या. तिथल्या वनरक्षकाला आधी भेटा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पायी शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग हातात कॅमेरा असो की मोबाईल. ड्रोनचा तर विचारही करू नका.

सावध, वाघाचा मुलूख: चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, तसंच ताडोबा, नागझिरा, पेंच, टिपेश्वर यांच्या आसपासच्या गावांत एकट्याने झुडपात वाकून बसू नका. मोहफूल वेचणारी, गवत कापणारी माणसं अशीच वाकलेली असताना हल्ले झाले आहेत, आणि कीटकाचा फोटो काढणारा तर त्याहून वाकलेला असतो. सोबत एक जण हवाच. त्याने उभं राहायचं, तुमच्या पाठीकडे तोंड करून नाही तर बाहेर बघत, आणि अधूनमधून बोलत राहायचं. त्याने मोबाईल काढला तर तो सोबती नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली अस्वलही असतं, तेव्हा मोहाजवळचं झुडूप उजाडल्यावरच.

बाकीचे धोके थोडक्यात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून फांदी मोडू नका आणि हात धुतल्याशिवाय डोळा चोळू नका. पावसाळ्यानंतर खाजकुहिलीच्या शेंगा पिकतात. त्यांची तपकिरी लव अंगाला लागली तर त्या दिवसाचं काम संपलंच. आग्या मोहोळाखाली फ्लॅश, अत्तर, धूर यातलं काहीही नको. खाली गुडघा टेकण्याआधी काठीने गवत हलवा, कारण घोणस आपणहून बाजूला होत नाही.

## टप्पा ३: पिशवीत काय

जितकं कमी तितकं बरं. कॅमेरा असेल तर एक लेन्स निवडा आणि दिवसभर तीच ठेवा. काळ्या मातीच्या धुळीत लेन्स बदलली की सेन्सरवर डाग बसतात आणि ते प्रत्येक फोटोच्या आभाळात दिसतात.

मॅक्रो लेन्स महाग असते, आणि पहिल्या वर्षी तिची गरजही नाही. ७०-३०० मिलिमीटरची साधी झूम लेन्स आणि तिच्यापुढे लावायचा क्लोज-अप फिल्टर (जवळचं दाखवणारं भिंग), एवढ्यावर फुलपाखरं आणि चतुर चांगले येतात, कारण दोन-तीन फुटांवरून काम होतं आणि कीटक बिचकत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स फुलांना आणि झुडपाच्या पूर्ण फोटोला पुरते. मोबाईलवर चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स घेतलीत तर ध्यानात ठेवा की ती दोन-तीन सेंटिमीटरवरच फोकस करते. अळी, कोष, फुलातला कोळी यांना ती उत्तम. फुलपाखराला निरुपयोगी.

ट्रायपॉड घरी ठेवा. त्याऐवजी जुन्या पँटचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवा आणि त्यात हरभरा किंवा तांदूळ भरा. जमिनीवर, दगडावर, जिप्सीच्या कडेवर कॅमेरा टेकवायला याहून चांगलं काही नाही. कपडे धुण्याचे दोन चिमटे घ्या. फांदी बाजूला धरायला ते लागतात, कापायला नाही. पांढरा दुपट्टा घ्या: उन्हात डोक्याला, दुपारी फुलावर सावली धरायला, आणि सावलीतल्या बाजूला उजेड परतवायला. लेन्स पुसायचं कापड, पाणी आणि कागदाची वही. यादी संपली.

सावध: एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात एसीतून किंवा कूलरच्या खोलीतून बाहेर पडलात की काच धुक्याने भरते. कॅमेरा पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, पुसत बसू नका.

## टप्पा ४: वेळ ठरवा

कीटकांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. उन्हाने अंग तापलं की ते उडतात. सगळं वेळापत्रक एवढ्यावर बसतं.

नोव्हेंबर ते जानेवारी सूर्योदयाआधी पोचा. दव पडलेलं असतं, चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक कीटक) गवताच्या काडीला चिकटून बसलेल्या असतात, तुम्ही वीतभर अंतरावर गेलात तरी हलत नाहीत. ऊन अंगावर आल्यावर फुलपाखरं पंख उघडून शेकत बसतात. वरच्या बाजूचा फोटो याच वेळेत मिळतो. अंग तापल्यावर ती पंख मिटून बसू लागतात आणि मग बाजूनेच काढावं लागतं.

आदल्या संध्याकाळी फेरी मारणं हा यातला सगळ्यात उपयोगी भाग आणि लोक नेमका तोच टाळतात. सूर्य मावळायच्या सुमारास फुलपाखरं आणि चतुर रात्रीची जागा धरतात. एखादी काडी, एखादं झुडूप ठरवून तिथेच बसतात. जागा पाहून ठेवा, जवळच्या फांदीला खुणेची चिंधी बांधा आणि पहाटे थेट तिथे या. अंधारात शोधाशोध करावी लागत नाही.

उन्हाळ्यात दहाच्या पुढे लांब लेन्सचा नाद सोडा. जमीन तापली की हवा थरथरते आणि दूरचा प्राणी कितीही स्थिर असला तरी फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. फोकस चुकला असं वाटून लोक लेन्स दुरुस्तीला देतात. यावर उपाय दोनच: लवकर जा, नाहीतर जवळच्या गोष्टी काढा. त्याच दुपारी नाल्यातल्या ओल्या रेतीवर फुलपाखरं क्षार चोखायला घोळक्याने उतरतात. पाण्याकाठी पोटावर पडा आणि थांबा. उठून गेलेला घोळका थोड्या वेळात त्याच जागी परत बसतो.

पावसाळ्यात वेळ कोणतीही चालते. ढगाळ उजेड फुलांना सगळ्यात चांगला.

## टप्पा ५: बसायची जागा

झुडूप ठरलं. आता त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक बाजूने फुलाच्या मागे काय दिसतं ते पाहा. फुलाकडे नाही, फुलाच्या मागे.

मागे आभाळ असेल तर फूल काळं पडेल. मागे लगेच फांद्यांचा गुंता असेल तर कितीही चांगली लेन्स असली तरी तो गुंता दिसणारच. मागची गोष्ट जितकी दूर, तितकी ती विरघळते. तूर, सावलीतलं झाड, दूरचा धुरा असं दहा-पंधरा फुटांवरचं एकसारखं काहीतरी मागे येईल अशी बाजू निवडा. बहुतेक वेळा गुडघाभर खाली गेलं किंवा दोन पावलं डावीकडे सरकलं की काम होतं. उभ्याने खाली वाकून काढलेला फोटो मातीचाच येतो.

उजेड सकाळी तुमच्या पाठीशी किंवा किंचित बाजूला असू द्या. पातळ पंख आणि पळसाच्या पाकळ्या यांना मागून आलेला उजेडही छान दिसतो, पण ते नंतर शिका.

एक आडवी काडी दृश्यात येतेय? चिमट्याने बाजूच्या फांदीला अडकवा, काम झालं की सोडा. तोडू नका. फुलाभोवतीची पानं साफ केली की तिथे दडलेल्या अळीचं, अंड्यांचं छप्पर जातं, आणि फोटोही बागेतल्या कुंडीसारखा दिसतो.

तपासा: फुलावर कोणी नसताना एक फोटो काढा. या रिकाम्या फोटोत मागची बाजू चांगली दिसत नसेल तर फुलपाखरू येऊनही तो फोटो चांगला होणार नाही.

## टप्पा ६: सेटिंग आधीच लावून ठेवा

त्याच रिकाम्या फुलावर सेटिंग बसवा. कीटक आल्यावर चाकं फिरवायला वेळ नसतो.

बसलेल्या कीटकाला लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ८ ते एफ ११, शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद. वारा असेल किंवा फुलपाखरू पंख हलवत रस पीत असेल तर १/१०००. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) ऑटोवर टाका आणि वरची मर्यादा १६०० किंवा ३२०० ठेवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो सुधारत नाही. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, सगळंच मऊ पडायला लागतं. ३०० मिलिमीटरवर हातात धरून काढताना शटर १/५०० च्या खाली नेऊ नका.

फ्लॅश वापरायचा तर त्याच्यापुढे बटर पेपरचे दोन-तीन थर लावा. नुसता फ्लॅश मारला की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा ठिपका आणि मागे मध्यरात्र. भर दुपारचा किडा रात्रीचा वाटतो.

मोबाईलवर: आधी काच पुसा. हे हास्यास्पद वाटेल, पण खिशातल्या मोबाईलची काच तेलकटच असते. फुलावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. दोन बोटांनी ताणून झूम करू नका. वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तीच वापरा, नाहीतर साध्यानेच काढून घरी कापा. फुलं-पानं आपोआप भडक करणारा मोड बंद ठेवा. क्लिकचा आवाजही बंद.

## टप्पा ७: थांबा, मग सरका

आता बसा. पहिली दहा मिनिटं काहीच येणार नाही, कारण तुम्हीच येऊन सगळ्यांना उडवलेलं असतं.

कीटक बसला की लगेच एक फोटो काढा, जसा येईल तसा, लांबून का होईना. हा नोंदीचा फोटो. तो उडून गेला तरी काय होतं ते ओळखता येईल. मग पुढे सरका, पण असं: सोंड फुलात असेल तेव्हा हला, सोंड गुंडाळली की थांबा. पुन्हा सोंड आत, पुन्हा वीतभर पुढे. सरळ रेषेत, खालून, कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला. शेवटच्या क्षणी हात वर गेला की तो गेलाच. आणि तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. आवाजाने बिचकणार नाही इतका तो सावलीने बिचकतो.

चतुर उडाला तर उठू नका. तो बहुधा त्याच काडीवर परत येतो. काडीवर आधीच फोकस लावून ठेवा.

एखादं फुलपाखरू फारच शांत बसलेलं वाटलं तर त्याच्या पोटाखाली पाहा. फुलात दडलेल्या खेकडा कोळ्याने नाहीतर प्रार्थना कीटकाने ते पकडलेलं असतं. दुर्मीळ फोटो तोच. सोडवायला जाऊ नका, कोळ्यालाही जेवायचं असतं.

सावध: कीटक पकडून फ्रीजमध्ये ठेवणं, पाणी फवारून खोटं दव पाडणं, काडीला चिकटवणं, बेडूक-सरड्यांना दोऱ्याने बांधून "नाचवणं" असले प्रकार चालतात. सराव असलेल्या डोळ्याला ते लगेच कळतात. दवाचे थेंब कीटकाच्या अंगावर आहेत आणि मागच्या गवतावर नाहीत, एवढ्यावरून चोरी पकडली जाते.

## टप्पा ८: फोकस

जवळून काढताना धारदार येणारा भाग काही मिलिमीटरचाच असतो. तो कशावर खर्च करायचा हे तुम्ही ठरवा, कॅमेऱ्यावर सोडू नका. एकच फोकस बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. डोळा धारदार असेल तर बाकी मऊ असलं तरी चालतं. उलटं चालत नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या कलाची. पंख मिटलेलं फुलपाखरू असेल तर कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर हवी, म्हणजे पूर्ण पंख एकाच पातळीत येतो. पंख पसरलेलं असेल तर वरून. तिरकं काढलं की अर्धा पंख जातो. अळीही आडवी, बाजूने.

अगदी जवळ गेल्यावर ऑटोफोकस पुढे-मागे घुमत बसतो. तो बंद करा, अंतर एकदा ठरवा आणि स्वतःच किंचित पुढे-मागे डुला. डोळा स्पष्ट दिसला की तीन-चारचा बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो. कोपर जमिनीला किंवा गुडघ्याला टेकलेलं, श्वास सोडताना बटण. फांदी वाऱ्याने हलत असेल तर झोक्याच्या टोकाला ती क्षणभर थांबते, तो क्षण धरा.

तपासा: पहिल्या बर्स्टनंतर फोटो पूर्ण मोठा करून डोळा पाहा. छोट्या पडद्यावर सगळेच फोटो धारदार वाटतात. आणि रानात बसून फोटो पुसू नका, बॅटरीही जाते आणि समोरचा प्राणीही.

## टप्पा ९: फुलांचे रंग आणि ओळख

पळस, धायटी, बहावा यांच्या भडक रंगाने कॅमेरा फसतो. लाल आणि पिवळा भाग सपाट होतो, पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा, कॅमेऱ्यावरचं +/- बटण) ०.७ ने कमी करा. कुड्याचं पांढरं फूल चौकटभर असेल तर उलट, थोडं वाढवा, नाहीतर राखाडी येतं. पण तेच पांढरं फूल गडद सावलीपुढे एकटं लहान दिसत असेल तर कमी करा.

दुसरी चूक ओळखीची. फुलाचा एक देखणा क्लोज-अप काढतात आणि विचारतात, हे कोणतं झुडूप? नुसत्या पाकळ्यांवरून अनेकदा सांगता येत नाही. प्रत्येक झुडपाचे हे फोटो घ्या: पूर्ण झुडूप, फूल समोरून, फूल बाजूने (खालचा हिरवा भाग दिसेल असं), पानाच्या दोन्ही बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की आलटून-पालटून, आणि असलंच तर फळ. फुलपाखराचेही पंखांच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही फोटो हवेत.

वहीत तारीख, गाव, झुडपाचं गावातलं नाव आणि कीटक तिथे काय करत होता, हे लिहा. रस पीत होता, अंडी घालत होता की नुसता बसला होता? वर्षभराने हीच ओळ फोटोइतकी कामाची ठरते. झुडपाचं नाव गुराख्याला विचारा. प्रत्येक तालुक्यात ते बदलतं, म्हणून ऐकलं तसंच लिहा.

## टप्पा १०: मोठे प्राणी आणि पक्षी

इथेही नियम तोच: प्राण्याच्या मागे जायचं नाही, तो जिथे येतो तिथे आधी बसायचं. रोही, मोर, कोल्हे ठरलेल्या वाटेने वावरात उतरतात आणि ती वाट शेतकऱ्याला ठाऊक असते. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर काठाच्या झुडपाआड सकाळी लवकर बसलं की पक्षी आपणहून जवळ येतात. पिकलेलं उंबर किंवा वड असेल तर हरियाल (हिरवं कबूतर) बघायला फिरावं लागत नाही, झाडाखाली मान वर करून बसलं की झालं.

उंची महत्त्वाची. प्राण्याच्या डोळ्याच्या पातळीवर या, तलावाकाठी पोटावर पडा. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सेकंद आणि सतत चालणारा फोकस. आभाळापुढचा पक्षी काळा येतो, एक्स्पोजर १ ने वाढवा. सफारीत इंजिन बंद झाल्यावरच क्लिक करा, नाहीतर सगळे फोटो हललेले. वाघ दिसला की सगळे उभे राहतात आणि गाडी डोलते. तुम्ही बसून राहा, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर. मोबाईल आत नेऊ देतात का हे गेटवर आधीच विचारा. गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटनाला बंद असतं, तेव्हा सफारीची आखणी त्याप्रमाणे.

सावध: मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. पावसाळ्यात नवरंग, मेळघाटात रानपिंगळा यांच्यावर हा प्रयोग सारखा होतो. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो. घरट्याजवळही तेच. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत सारस अंडी घालतो. तो मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. मागे फिरा.

## टप्पा ११: घरी आल्यावर

त्याच दिवशी कार्ड उतरवा आणि दोन जागी ठेवा. निवड मात्र दुसऱ्या दिवशी करा, त्याच रात्री सगळेच फोटो आवडतात. आधी डोळा धारदार नसलेले काढून टाका, मग मागची बाजू बिघडलेले. उरलेल्यांतून प्रत्येक प्रसंगाचा एकच ठेवा. नोंदीचे आणि ओळखीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, ते देखणे नसले तरी पुसायचे नाहीत.

फोटो कापताना अर्ध्याहून जास्त कापू नका, कीटक चौरस-चौरस दिसायला लागतो. रंग वाढवण्याच्या पट्टीला हात लावलात तर निम्मं मागे आणा. तरोट्याचा पिवळा मुळातच पुरेसा पिवळा आहे.

लोकांना दाखवण्याआधी फोटोतली जागेची माहिती काढून टाका, विशेषतः घुबडाची ढोली, घरटं, वाघाचा माग किंवा दुर्मीळ वनस्पती असेल तेव्हा. जिल्ह्याचं नाव पुरतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर तिथे जागा धूसर ठेवायची सोय आहे, ती निवडा. ज्याच्या धुऱ्यावर बसला होतात त्याला त्याच्या झुडपाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि पुढच्या वेळी आणखी काय फुललंय ते तोच कळवेल.